अब्बांची खुर्ची आणि सुनेचा सोफा

शाबान महिना लागला की आमच्या भिंगारच्या घरात साफसफाईला सुरुवात होते. पडदे, गाद्या, भांडीकुंडी सगळे रमजानच्या आधी उरकून घ्यायचे, म्हणजे रोजे सुरू झाल्यावर इबादतीला वेळ मिळतो. गेल्या वर्षी या साफसफाईत हाताने कामे नीट केली, पण तोंडाने मोठी चूक केली. ती इथे लिहिते आहे, कारण तशी चूक आणखी कुणाच्या घरात होऊ नये.

बैठकीच्या खोलीत आमचा सोफा आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाने शहरातल्या एका शोरूममधून अठ्ठावन्न हजारांना आणला. दुकानदाराने हात फिरवून दाखवला होता, ‘ओरिजिनल लेदर आहे, दहा वर्षे बघायला नको.’ दोन वर्षांतच डोके टेकायच्या जागी आणि हातांवर पापुद्रे सुटायला लागले. बसून उठले की काळी टिकली कपड्याला चिकटलेली असायची. नमाजला उभे राहावे तर पांढऱ्या सलवारवर ते तुकडे.

माझी सून रोज तो सोफा ओल्या कपड्याने पुसायची. नातू दीड वर्षाचा, त्याचे दूध, बिस्किटे, सगळे सोफ्यावरच. साफसफाईच्या दिवशी माझी नणंद आणि शेजारच्या दोघी आलेल्या. त्यांच्यासमोर मी सुनेला म्हणाले, ‘‘रोज पाणी लावून लावून तूच घालवलास हा सोफा. माझ्या मुलाच्या घामाचे पैसे होते ते.’’

ती काही बोलली नाही. हातातला कपडा तिने बादलीत टाकला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती सोफ्यावर बसली नाही. चहा प्यायलाही खाली सतरंजीवर बसायची. मी पाहत होते, समजतही होते. पण सासूपणाने जीभ उचलू दिली नाही.

मला चामड्यातले कळते, असा माझा समज होता. कारण माझे अब्बा, अल्लाह त्यांची मगफिरत करो, कुशनकाम करायचे. भिंगार म्हणजे छावणीचे गाव. इथले रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला बाहेरगावचे लोक येतात, पण आम्हा भिंगारकरांची रोजीरोटी छावणीशी वेगळ्याच धाग्यांनी बांधलेली. कुणी धोबी, कुणी शिंपी, कुणी सुतार. अब्बा बंगल्यांतल्या खुर्च्या-सोफ्यांचे काम करत. साहेबलोकांच्या दोन-तीन वर्षांनी बदल्या. बदली आली की सामान ट्रकमध्ये जाणार, त्याआधी सोफा दुरुस्त करून घ्यायचा. नवे साहेब आले की पुन्हा तेच. स्प्रिंगा बांधणे, काथ्या भरणे, पट्ट्या ताणणे, दाभणाने शिवणे हे मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून पाहिले. अब्बा कुठल्याही सोफ्याला हात लावण्याआधी त्याच्याकडे बराच वेळ बघत. विचारले की म्हणायचे, ‘‘पैले पैचान, बाद में हात लगा.’’

ते वाक्य मला पाठ होते. पाठ असणे आणि कळणे यात किती अंतर असते, ते पुढे समजले.

सोफ्यासाठी मी अब्बांच्या जुन्या शागिर्दाला बोलावले. आम्ही त्यांना मामू म्हणतो. सत्तरी ओलांडली आहे, पाथर्डी रोडने अजून सायकलवरच येतात. आले, पाणी प्याले, पण सोफ्यावर बसले नाहीत. मुलाच्या मदतीने सोफा उलटा केला. तळाचे काळे कापड एका कोपऱ्यातून उसवले आणि आतली कड बाहेर ओढली.

‘‘हे बघ बेटा,’’ त्यांनी मला बोलावले. ‘‘वरून चामडे दिसते, उलट्या बाजूने काय दिसते?’’

उलट्या बाजूने विणलेले कापड दिसत होते. त्याच्यावर राखाडी भुशासारखा थर, आणि त्याच्यावर चकचकीत काळी पातळ साल.

‘‘याला बॉन्डेड लेदर म्हणतात. कारखान्यात कातडे कापताना जे तुकडे, जो चुरा उरतो तो दळतात, चिकट रसायनात कालवतात, कापडावर थापतात आणि वरून रंगाची साल चढवून तिच्यावर चामड्याची नक्षी उठवतात. चामडे आहे म्हणावे तर चुऱ्यापुरते आहे. ही साल घाम, गरमी, दमट हवा यांनी सुटतेच. एकदा सुटायला लागली की तेल लावा, पॉलिश लावा, काही उपाय नाही.’’

मी हळूच विचारले, ‘‘रोज ओल्या कपड्याने पुसले म्हणून नाही ना गेले?’’

‘‘न पुसता ठेवला असता तरी गेला असता. कुणी पुसत होते म्हणून निदान स्वच्छ तरी राहिला.’’

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. तिने ऐकले. मला तिच्याकडे मान वर करून बघता आले नाही.

मामूंनी मुलाकडून बिल मागून घेतले. बिलावर फक्त ‘सोफा सेट, लेदर’ एवढेच. मामू म्हणाले, आमच्या धंद्यात ओळखायची सोपी खूण आहे. खरे कातडे फुटावर विकले जाते, कारण जनावराचे कातडे वेड्यावाकड्या आकाराचे असते, त्याचे चौरस फूट मोजावे लागतात. रेक्झिन आणि त्याची भावंडे ताग्यावर येतात, मीटरवर विकली जातात. गिऱ्हाईकाला तागा दिसत नाही, म्हणून त्याने कड मागावी. कडेला तंतू-तंतू दिसले तर कातडे, विणकाम दिसले तर कापडावरचा लेप. आणखी एक प्रकार असतो, बसायच्या जागी खरे चामडे आणि पाठीमागे, बाजूला रेक्झिन. तो खोटा नाही, पण तसे सांगून विकायला हवे. बिलावर कोणत्या भागाला काय लावले आहे हे लिहून घ्यावे. मोजमापात आणि मालात लपवाछपवी करू नये, ही शिकवण आपल्याला आहेच. पण गिऱ्हाईकानेही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

एवढे झाल्यावर मामू म्हणाले, ‘‘उस्तादांची खुर्ची कुठे आहे? दाखव, खूप वर्षांत बघितली नाही.’’

मी ज्याला भीत होते, ते हेच.

ती खुर्ची आतल्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेली होती. बदली झालेल्या एका साहेबांच्या ट्रकमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून अब्बांनी ती थोड्या पैशांत घेतलेली. स्प्रिंगा नव्या बांधल्या, पण चामडे जुनेच ठेवले. तपकिरी, न रंगवलेले, त्याच्यावरच्या बारीक छिद्रांसकट. रोज असरनंतर अब्बा त्या खुर्चीत बसायचे. उजव्या हातावर त्यांचा तळवा घासून घासून मधासारखी चमक आली होती. त्यांच्या इंतकालनंतर मी त्या जागेवर हात ठेवला की मला त्यांचा हात लागल्यासारखे वाटायचे.

त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात खुर्चीवर पांढरी बुरशी आली. आपल्या नगरकडे कोकणासारखा पाऊस नाही, पण खुर्ची भिंतीला टेकून, खिडकी बंद. मी घाबरले. कपड्याच्या साबणाचा फेस केला आणि गंजलेल्या लोखंडी बादलीतल्या पाण्याने खुर्ची चोळून धुतली. मग गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी ती पापडासारखी कडक झालेली. म्हणून तिला खोबरेल तेल चोळले, केसांना लावतो तसे, अगदी मायेने. चार दिवसांत ती काळपट झाली, चिकट झाली, धूळ धरू लागली, खवट वास येऊ लागला. उजव्या हातावर भेग पडली आणि अब्बांच्या तळव्याची ती चमक गेली. जागोजागी काळे डाग. मी खुर्चीवर चादर टाकली आणि सहा वर्षे कुणाला सांगितले नाही. सुनेला पाण्याचा दोष देणारी मी, माझे पाणी चादरीखाली झाकून बसले होते.

मामूंनी चादर काढली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काळ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘लोखंडाचे पाणी लागले?’’ मी मान हलवली.

त्यांनी समजावले ते असे. पूर्वी कातडे झाडाच्या सालीत कमावत. आपल्याकडे बाभळीची साल, तरवड, हिरडा. नगरच्या माळावर पिवळ्या फुलांचा तरवड आपण रोज बघतो, त्याच्या सालीचा उपयोग हाच. कोल्हापुरी चपलेचे कातडे अजूनही बाभूळ आणि हिरड्यावर कमावतात. या सालींत तुरट द्रव्य असते, त्याला लोखंड लागले की काळे पडते. जुन्या काळी हिरड्यात लोखंड घालून शाई बनवत, ती याच गुणावर. म्हणजे मी अब्बांच्या खुर्चीवर शाई सांडली होती. हल्लीच्या बहुतेक सोफ्यांचे कातडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते काम लवकर होते आणि कातडे मऊ राहते.

कमावणे म्हणजेच दबागत. हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. दबागत केलेले कातडे पाक होते, हे हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. डुकराचे कातडे त्याला अपवाद, असे बहुसंख्य उलमा मानतात. सोफ्याला सहसा गाय-म्हशीचेच कातडे असते. डुकराचे सापडते ते बुटांच्या आणि जाकिटांच्या अस्तरात. त्याची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यात असतात, ही ओळख लक्षात ठेवावी. आणि पैगंबर (स.) यांचे अंथरूण कातड्याचे होते, आत खजुराच्या झाडाचे तंतू भरलेले, हे आपण हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत वाचतो. अब्बा काथ्या भरताना ही गोष्ट सांगायचे. किमतीचा तोरा मिरवण्यासाठी चामडे घरात आणू नये, पण आणलेच तर ते एका जनावराचे कातडे आहे याची जाण ठेवून ते टिकवावे, असे त्यांचे म्हणणे.

त्या दिवशी मामूंनी मला आणि सुनेला समोर बसवून कुठले चामडे कसे सांभाळायचे ते सांगितले. सुनेने वहीत लिहून घेतले. तिच्या वहीतून, माझ्या शब्दांत, वाचक भगिनींसाठी देते.

आधी ओळख. सोफ्याच्या मागच्या किंवा खालच्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब जिरला आणि जागा गडद झाली तर ते न रंगवलेले, उघड्या छिद्रांचे चामडे, ज्याला दुकानात ॲनिलिन म्हणतात. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर एक तर वरून रंगाचा थर दिलेले चामडे, नाही तर रेक्झिनसारखा लेप. त्यांतला फरक कड बघून कळतो. काडी ओढून जाळून बघायचा सल्ला काही लोक देतात, तो ऐकू नये. खरे असो वा खोटे, जळाल्यावर दोन्ही वाया.

ॲनिलिन चामडे सर्वांत सुंदर आणि सर्वांत नाजूक. अब्बांची खुर्ची याच जातीची. त्याला आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ सुती कपड्याने पुसायचे, बस. काही सांडले तर चोळायचे नाही, कपडा ठेवून टिपून घ्यायचे. तेलाचा डाग पडला तर लगेच टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर टाकून रात्रभर ठेवायचे, सकाळी झटकायचे. पाणी लावायची वेळ आलीच तर स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कपडा, आणि तो डागापुरता न फिरवता शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भागावर फिरवायचा. नाही तर कडेची वर्तुळे राहतात.

रंगाचा थर दिलेले चामडे बाजारातल्या बहुतेक खऱ्या सोफ्यांना असते. लहान मुलांच्या घराला तेच बरे. ते ओलसर कपड्याने पुसता येते. मळ जास्त असेल तर हात धुवायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब पाण्यात, त्याचा फेस कपड्यावर घेऊन हलके पुसायचे, मग साध्या ओलसर कपड्याने आणि लगेच कोरड्या कपड्याने. कपड्याचा साबण, सोडा, फिनेल, व्हिनेगर, स्पिरिट काही नको. कमावलेले कातडे जरासे आम्लधर्मी असते आणि साबण-सोडा त्याच्या उलट गुणाचे, म्हणून ते कातडे कडक करतात. स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचे द्रव्य तर रंगच उचलते. पेनची रेघ उठली तर घासाघीस न करता कारागिराला दाखवावी.

मखमलीसारखे लव असलेले चामडे, नुबक किंवा स्वेड, माझ्या पुण्याच्या बहिणीकडे आहे. त्याला पाणी आणि क्रीम दोन्ही वर्ज्य. मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायचे, बारीक डाग शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलके उचलायचा. मामू म्हणाले, ‘‘पाहुणे आणि पोरे असलेल्या घरात हे घेऊच नये.’’

रेक्झिन सगळ्यांना माहीत. हे मुळात विलायतेतल्या एका कंपनीच्या मालाचे नाव, आता जातीचेच नाव झाले. त्याला साबणाचे पाणी चालते, चामड्याचे क्रीम मात्र लावू नये. ते आत जात नाही, वर चिकटून बसते. ऊन लागले की ते कडक होते आणि तडकते, म्हणून खिडकीपासून दूर ठेवावे.

आता सगळ्यांना लागू अशा गोष्टी. आपल्या घरांत सोफ्याचा पहिला शत्रू डोक्याचे तेल. डोके टेकायच्या जागी आधी रंग मऊ पडतो, मग सुटतो. तिथे धुता येणारा सुती रुमाल टाकावा आणि दर आठवड्याला बदलावा. अत्तर लावल्या मनगटाचेही तेच, तेलातले अत्तर चामड्यात मुरते. खोबरेल, राई, ऑलिव्ह, कुठलेही खाण्याचे किंवा केसांचे तेल चामड्याला लावू नये. ते काळे करते, खवट होते, धूळ ओढते. बुटांचे पॉलिशही नको, त्याचा रंग कपड्यांना लागतो. चामड्याचे क्रीम वर्षातून एक-दोनदा पुरते, तेही पातळ हाताने, आधी लपलेल्या जागी लावून बघून.

नगरच्या उन्हाळ्यात कूलर सुरू असतो. त्याचा दमट झोत सोफ्यावर सरळ येऊ देऊ नये. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावा, खिडकी उघडावी, आठवड्यातून एकदा पंख्याची हवा द्यावी. प्लॅस्टिक टाकून तर कधीच झाकू नये. बुरशी आलीच तर सोफा किंवा खुर्ची बाहेर व्हरांड्यात न्यावी, कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, पिळलेल्या कपड्याने पुसावी आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. उन्हात नाही. हे वाक्य सुनेने वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. ते तिने माझ्याकडे बघून केले की नाही, मला माहीत नाही.

मामू निघाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सून कणीक मळत होती. मी म्हणाले, ‘‘बेटा, सोफ्याबद्दल मी तुला चार माणसांत बोलले. माझी चूक झाली. मला माफ कर.’’

ती म्हणाली, ‘‘जाऊ द्या ना अम्मी.’’ आणि कणीक मळत राहिली. थोड्या वेळाने मान न वळवता म्हणाली, ‘‘नानांची खुर्ची तुम्ही धुतली होती, हे मला माहीत होते. लग्न होऊन आले त्याच वर्षी चादर उचलून बघितली होती.’’

चार वर्षे तिला माहीत होते. मी तिला चार माणसांत बोलले, तेव्हाही माहीत होते. तिने माझ्यावरची चादर ओढली नाही. दुसऱ्याचे ऐब झाकावे, हे आपण मुलांना शिकवतो. मला ते माझ्या सुनेने शिकवले.

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला आणि शेजारच्या दोघींना पुन्हा चहाला बोलावले. चूक चौघींत बोलले होते, तर ती चौघींतच मागे घ्यायला हवी होती. त्यांच्यासमोर सोफ्याची कड उलटून दाखवली आणि सांगितले की यात सुनेचा काही दोष नव्हता. नणंद हसून म्हणाली, ‘‘भाभी, आमचाही बघायला पाहिजे उलटा करून.’’

सोफ्याचे खोटे चामडे मामूंनी सगळे उतरवले. मुलगा म्हणाला, आता खरे लेदर लावू. मामूंनी हिशोब करून दाखवला. फुटावरचा भाव ऐकून मुलगा गप्प झाला. ‘‘खोट्या चामड्यापेक्षा खरे रेक्झिन बरे,’’ मामू म्हणाले. आता सोफ्याला तपकिरी रेक्झिन आहे. आल्या-गेल्याने विचारले की आम्ही रेक्झिन आहे असेच सांगतो. नातवाचे दूध सांडले तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

खुर्चीचे तेल मामूंनी बरेच ओढून काढले. पावडर टाकून ठेवायची, झटकायची, पुन्हा टाकायची, असे आठ-दहा दिवस चालले. भेगेखाली आतून पातळ कापड चिकटवून ती थांबवली. काळे डाग राहिले. मी विचारले, वरून रंग मारला तर? मामू म्हणाले, ‘‘रंग मारला तर छिद्रे बुजतील, मग ही उस्तादांची खुर्ची राहणार नाही. डाग राहू दे.’’

अब्बांच्या तळव्याची चमक परत आली नाही. ती येणारही नाही. खुर्चीवर आता चादर नसते. दुपारी सून नातवाला मांडीवर घेऊन तिच्यात बसते, आणि त्याला झोप लागेपर्यंत तिचा हात खुर्चीच्या उजव्या हातावर पुढे-मागे फिरत असतो.